माणसाच्या मापाचं जाळं

"वन्सं, माका एक जाळा शिवून देवा. माणूस गावात असा."

माणूस सापडेल असं जाळं शालनने शेडच्या दारात उभी राहून मागितलं, तेव्हा माझ्या मांडीवर हिरव्या धाग्याची अर्धी शिवलेली पिशवी होती. शालन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिगूची बायको. खाजणवाडीहून ती खाडीच्या कडेकडेने चालत आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. पाय धुवायचंही तिला सुचलं नव्हतं.

दिगूची होडी बुडून आठवडा होत आला होता. परतीच्या पावसात एकदम वारा उठला आणि कावळ्याच्या खडकाच्या दक्षिणेला होडी कलंडली. होडीवर चौघे होते. दोघे फळकुटाला धरून वाचले, एकाचं प्रेत दुसऱ्या दिवशी वाळूवर लागलं. दिगू लागला नाही. वाचलेल्यांनी सांगितलं, तो शेवटपर्यंत जाळं ओढत होता; होडी उलटली तशी जाळ्यात गुंतून जाळ्यासकट खाली गेला. म्हणजे तो तरंगून वर येणार नव्हता. गावच्या होड्यांनी गळ टाकून पाहिलं, पण एवढ्या पाण्यात गळाला काय लागणार?

"ट्रॉलरचा जाळा तळ खरवडता ना?" शालन म्हणाली. "हे सारखे सांगी होते. तळाचा काय म्हणून सोडूचा नाय, असा."

"हे" म्हणजे दिगू. तो हे मलाही सांगायचा, आणि रागाने सांगायचा. मी बंदरावरच्या शेडमध्ये ट्रॉलरची जाळी शिवायचे आणि माझा सख्खा भाऊ खाजणवाडीच्या लहान होडीवाल्यांचा पुढारी. दोन वर्षांपूर्वी त्याने माणसं घेऊन एक ट्रॉलर अडवला, त्याचं जाळं कापून वाळूवर आणलं आणि जाळलं. ते मीच शिवलेलं होतं. तरी तो सणावाराला माझ्याकडे जेवायला यायचा. शेडमध्ये मात्र पाऊल टाकायचा नाही. एकदाच दारातून आत वाकला, पिशवीच्या आसात करंगळी घातली आणि म्हणाला, "ताये, ह्यातून माझा बोट जाणा नाय. बांगड्याचा पोर खयसून जातला?"

आस म्हणजे जाळ्याचं एकेक घर. ट्रॉलरच्या जाळ्याला तोंडाशी ती घरं मोठी असतात, मागे मागे लहान होत जातात आणि शेवटच्या पिशवीत करंगळीही जात नाही. त्यातून ती शंकरपाळ्यासारखी तिरकी. ट्रॉलर ओढायला लागला की ताणाने मिटतात. पिशवी भरत जाते तशी आणखी मिटतात. मग त्यात जे येतं ते आतच राहतं. मासा, पिल्लू, खेकडा, शेवाळ, चिखल. वर येते तेव्हा पिशवी दगडासारखी झालेली असते.

"ह्या जाळ्यात नाय चालायचं, शालन," मी म्हटलं. "दिगू आत आला तरी त्याच्यावर खंडीभर चिखल नि मासे चढतील. वर येईपर्यंत..."

तिने मान हलवली.

"मगे कसला होया?"

मी हातातली पिशवी बाजूला ठेवली. जमिनीवर खडूने आखून तिला दाखवलं. वीतभर आस ठेवायचे. धागा नाही, जाड दोर घ्यायचा. आणि घरं तिरकी न ठेवता सरळ चौकोनी बसवायची, म्हणजे कितीही ओढलं तरी उघडी राहतील. तोंडाच्या खालच्या दोराला साखळी असते, ती काढायची. नाहीतर जाळ्याच्या आधी साखळीच अंगावरून जाईल. तिथे नुसते दोरात गुंडाळलेले शिशाचे गोळे लावायचे.

"मगे मासो?"

"निघून जाईल."

"सगळो?"

"माणसापेक्षा लहान ते सगळं."

ती खडूच्या रेघांकडे पाहत राहिली. मग पदर खोचून खाली बसली आणि म्हणाली, "दोर खयचो घेवचो ता सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघींनी ते शिवलं. शालनला गाठ मारता यायची, होडीवाल्याच्या घरातली होती. बोलणं फारसं झालं नाही. एकदा तिने विचारलं, "आये जेवली काय हो काल?" मी म्हटलं, नाही. आई वाळूवर बसून होती. हाताने पाणी दिल्याशिवाय माझा झील, माझा दिगू, गेला असं म्हणायचं नाही, असं तिने सगळ्या वाडीला बजावलं होतं.

ट्रॉलर न्यायची परवानगी शेठकडून मिळाली; बोट आणि शेड दोन्ही त्याचीच. लहान होडीवाल्यांशी भांडण मिटलं तर त्याला हवंच होतं. बोट चालवणारा तांडेल बाबल मेथर मात्र तयार होईना. बाबलला मी लहानपणापासून ओळखत होते. तापट, पण मनाचा वाईट नाही. शेडमध्ये येऊन त्याने आमचं जाळं पायाने उलटलं.

"ह्यात काय गावतला? पाणी!"

"पाणीच नाही, बाकी सगळंही जाऊ दे," मी म्हटलं.

"कावळ्याच्या दक्षिणेक नुसते खडक आसत. माझा जुना जाळा थयच गेला, तुका ठाऊक आसा."

ते खरं होतं. पंधरवड्यापूर्वी त्याचं जाळं खडकात अडकून गेलं होतं, आणि माझ्या मांडीवर होती ती पिशवी त्याच्याच नव्या जाळ्याची होती.

"ह्याका साखळी नाय, बाबलदादा," शालन म्हणाली. "अडकला तर अडकला. तुमी हळू ओढा."

"वयनी, तू घराक जा. आमी बघतो."

"मी येतलंय. तुमी ओळखतलास कसा? तोंड रवला नसतला."

बाई बोटीवर चढत नाही, असं कोणी तरी पुटपुटलं. शालनने ऐकलं न ऐकलं केलं. तिच्यासोबत बाईमाणूस हवं म्हणून मीही चढले.

सकाळी निघालो. समुद्र अगदी शांत होता, निर्लज्ज म्हणावा इतका शांत. बाबल केबिनमध्ये, मागे तीन खलाशी. दोघे आमच्याकडचे, तिसरा पदम नावाचा नेपाळी. आमच्या बंदरावर तेव्हा नेपाळी खलाशी यायला लागले होते. पदम आणि कांचा अशी जोडी होती या बोटीवर. कांचाला मी ओळखत होते. तिशीतला, बुटका, भरल्या अंगाचा. जाळं दुरुस्त करायला बसला की गाणं गुणगुणायचा. तो हल्ली दिसला नव्हता. काम सोडून पळाला, असं बाबलने सांगितलं होतं.

बाबलने जाळं सोडलं ते खडकाच्या उत्तरेला. दोनदा ओढलं. वर आलं ते रिकामं. पाणी गळणारा दोर आणि एक फुटकी बरणी. मासे घरांतून निसटताना पाण्याखाली चमकलेले दिसले तेवढेच. खलाशी एकमेकांकडे पाहून हसले. मग शालनकडे लक्ष गेलं आणि गप्प झाले.

"बाबलदादा, दक्षिणेक चला," ती म्हणाली.

"उत्तरेकच प्रवाह आसा."

"ओहोटी आसा. वाचलले सांगतत ती जागा दक्षिणेक. माका समुद्र शिकवू नका."

बाबलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्याला जाळ्याची भीती आहे. मी म्हटलं, "फाटलं तर मी आणखी शिवीन." त्याने चाक फिरवलं.

दक्षिणेला पहिल्याच खेपेत जाळं जड लागलं. जाळं वर ओढणारं विंच कण्हायला लागलं. बाबलने बोट अगदी सावकाश केली. पिशवी पाण्यातून वर आली तेव्हा माझ्या डोळ्यांना आधी हिरवा रंग दिसला. दोराच्या मोठ्या घरांच्या आत हिरव्या बारीक जाळ्याचा गुंडाळा होता, आणि त्या गुंडाळ्यात माणूस.

खलाशांनी त्याला फळ्यांवर अलगद ठेवलं. वास आला. मी पदर नाकाला लावला. शालनने लावला नाही. तोंड उरलं नव्हतं. हातांची कातडी मोज्यासारखी सैल झाली होती.

"दिगूच," बाबल म्हणाला. मागे येऊन न पाहताच म्हणाला. "देव पावलो वयनी. ताडपत्री घाल रे तेच्यार."

"थांबा," शालन म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली. त्याच्या डाव्या पायाची नडगी तिने पुसली. दिगूला पाकट माशाचा काटा लागला होता लग्नाच्या वर्षी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाटलं होतं, हाडाला खाच पडली होती. ती बोटाने चाचपत राहिली. मग दुसरा पाय पाहिला. मग त्याच्या उंचीकडे पाहिलं.

"हे ते नाय," ती म्हणाली.

"कातडा गेला तर खूण खय रवतली?" बाबल म्हणाला.

"खूण हाडावर आसा. आणि आमचे हे उंच होते."

मी तिच्या शेजारी वाकले. माझं लक्ष त्या हिरव्या गुंडाळ्याकडे होतं. शेवटाला मी गाठ दुहेरी मारून धागा आत ओढते. माझ्यासारखी गाठ त्या शेडमध्ये दुसरं कोणी मारत नव्हतं. बाबलच्या हरवलेल्या जाळ्याची ती पिशवी होती. एक जाड दोर त्या माणसाच्या घोट्याला फास बसल्यासारखा आवळला होता. दोराचं एक टोक खडकावर घासून पिंजलेलं होतं. दुसरं टोक सरळ होतं. कोयत्याच्या एका घावाने होतं तसं सरळ.

मी मान वर केली. पदम विंचपाशी उभा होता. त्याने दोन्ही हात जोडले होते आणि ओठ हलत होते.

शालननेही त्याच्याकडे पाहिलं. "पदम, कोण रे ये? तेरेकू मालूम है?"

"गप!" बाबल ओरडला. पदमवर की तिच्यावर, कळलं नाही.

पदम खाली बसला. "कांचा है, भाभी," तो म्हणाला. "हमारा कांचा है।"

बोटीचं इंजिन तेवढं चालू होतं. बाबलने केबिनच्या चौकटीला हात टेकला. मग बोलला तो आमच्याशी नाही, समोरच्या पाण्याशी बोलल्यासारखा.

"जाळा खडकात अडकला. लाट मागसून चढत होती. बोटीचो मागचो भाग पाण्यात गेललो. कांचा दोर सोडूक गेलो तर तेचो पाय फाशात. मी हाक मारली तेका, काढ पाय म्हणान. काढूक येय ना. बोटीर पाच जण होते." तो थांबला. "मी दोर तोडलो."

"आणि बंदरावर सांगितलंस पळाला म्हणून," मी म्हटलं.

"काय सांगू? जिवंत माणसासकट दोर तोडलो, असा सांगू?"

एक खलाशी समुद्राकडे तोंड करून ओकला.

मग बाबल शालनसमोर येऊन बसला. आवाज उतरला होता त्याचा. "वयनी, आयक माझा. ह्यो दिगू, असा तू म्हण. तोंड नाय, कोण विचारूचा नाय. तुझ्या सासूक झील गावतलो. तुझा सुतक सुटतला. ह्याका पण अग्नी मिळतलो, वाऱ्यावर जावचो नाय."

शालन घोट्याच्या दोराकडे बघत होती.

"नायतर..." बाबलने मागे पाहिलं, "नायतर ह्याका परत पाण्यात सोडू. कोणी काय बघूक नाय. मी उद्या येतंय, परवा येतंय, तुझो घोव गावासर ओढतलंय, आयेची शपथ. पण पोलिसात गेलंस तर बोट बांधून घालतले. जाळा पण नेतले. मगे दिगूक कोण शोधतलो? दुसरो एक तांडेल तुका बोटीर घेतलो काय, सांग."

तो खोटं बोलत नव्हता. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मला वाळूवर बसलेली आई दिसत होती. मी शालनचा दंड धरला. "शालन, तो म्हणतो तसं कर गो. तोच म्हण. आयेकडे बघ. ती अशी किती दिवस बसेल?"

"वन्सं, तुमचो तो भाव."

"म्हणूनच सांगते."

तिने माझा हात सोडवला. रागाने नाही. त्या माणसाच्या घोट्याभोवतीचा दोर तिने सोडवायला घेतला. गाठ फुगून दगड झाली होती. नखं तुटेपर्यंत ती ओढत राहिली. शेवटी पदमने सुरी आणून दिली, तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "कापू नको. पोलिसांक ह्यो असोच दाखवूचो आसा."

"वयनी..." बाबल.

"बाबलदादा, हेची बायल आसा?"

बाबलने मान खाली घातली. उत्तर पदमने दिलं. "है, भाभी. और एक लडकी।"

"ती पण अशीच कोणाक तरी विचारीत फिरत असतली," शालन म्हणाली. "बंदराक घेवा."

"मगे दिगू?" बाबल जवळजवळ ओरडलाच. "तुझो दिगू हयच खाली आसा, कळता तुका? एखाद खेपेत गावात!"

हे ऐकून तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ती उठली, कठड्यापाशी गेली आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती मागे फिरून म्हणेल, सोडा ह्याला पाण्यात. मी खरं सांगते, मी वाट पाहत होते ती तसं म्हणण्याची.

तिने फक्त गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि पाण्याला म्हणाली, "मी चललंय हां." शेजारच्या घरी जाताना सांगावं तसं.

मग वळून म्हणाली, "घेवा बंदराक."

बंदरावर तिनेच पोलिसांना सगळं सांगितलं. पदमने सांगितलं. बाबलने काही नाकारलं नाही. बोट धक्क्याला बांधून घातली. माझं वीतभर आसाचं जाळं, त्यातला तो हिरवा गुंडाळा, दोर, सगळं पोलिसांनी नेलं. दिवाळीनंतर केव्हा तरी मी एकदा ते मागायला गेले, तर केस संपेपर्यंत मिळणार नाही म्हणाले. केस वर्षानुवर्षं चालली. बोट आणि बाकीचे लोक वाचवायलाच दोर तोडला असं खलाशांनी सांगितलं आणि बाबल सुटला. पण तो पुन्हा बोटीवर चढला नाही. धक्क्यावर यायचा, बर्फाच्या गाडीला टेकून बसायचा.

शालन त्या आठवड्यात प्रत्येक ट्रॉलरवाल्याकडे गेली. कोणी दार लावलं, कोणी उद्या ये म्हणाले. एकाने तोंडावर सांगितलं, तुला बोटीवर घ्यायचं म्हणजे पोलिसांना बोटीवर घ्यायचं. मी दुसरं जाळं शिवायला काढलं, तर शेठने मला शेडमधून उठवलं. हल्ली मी शाळांना क्रिकेटच्या सरावाची जाळी शिवून देते. दिगू सापडला नाही. आई पुढच्या पावसापर्यंत वाळूवर बसली. पाऊस लागला तशी घरात आली आणि मग अंथरुणातून उठलीच नाही. जाईपर्यंत ती शालनशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलायची, "तिका गावललो, पण तिनी आणूक नाय," असं.

पण मला सांगायचं आहे ते कांचाच्या अग्नीच्या दिवसाचं.

त्याचा थोरला भाऊ गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाकी होता, तो आला. कांचाचं खरं नाव त्याच्याकडून कळलं, डंबर. खाडीच्या काठावर लाकडं रचली. खाजणवाडीची माणसं आली. ट्रॉलरवाल्यांपैकी पदम सोडून एकही नाही. ज्यांनी दिगूसाठी लाकडं काढून ठेवली होती त्यांनीच ती आणून दिली. शालन बायकांच्या बरोबर लांब उभी होती. दिगू बुडाल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही डोळे कोरडे होते.

चिता पेटल्यावर भाऊ तिच्यापाशी आला आणि पाया पडायला वाकला. ती मागे सरली.

"मत करो," ती म्हणाली. "घराक सांगितला काय? बायलेक?"

तो गोंधळला. मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, गावी सांगितलं होतं की कांचा पळून गेला. बोटीवरून त्याला तसंच कळवलं होतं. लोक म्हणाले दुसरी केली असेल. बायको सासरी राहिली नाही, माहेरी गेली. आज सकाळी तिच्या गावच्या दुकानात फोन करून निरोप ठेवलाय, तिला बोलावून आणतील.

आम्ही थांबलो. ऊन कलायला लागलं होतं. राख उडून आमच्या केसांवर येत होती. भावाने पुन्हा फोन लावला, पलीकडे कोणी तरी आलं, आणि तो त्यांच्या भाषेत बोलायला लागला. दोन-तीन वाक्यं झाली असतील. मग त्याचा आवाज फुटला. त्याला पुढे बोलवेना. फोन हातात तसाच राहिला आणि त्यातून एका बाईचं रडणं ऐकू यायला लागलं. लांबचं, बारीक, मध्येच तुटणारं.

शालनने त्याच्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि तिथेच वाळूत बसली. पलीकडची बाई काही विचारत होती की नुसती रडत होती, मला कळलं नाही. शालनलाही त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले.

"रड गो बाये," ती फोनमध्ये म्हणाली. "रड. तुझो गावलो."